धाकू तांडेलाची तिसरी हाक

फार वर्षांपूर्वी, करंजवेळच्या पुळणीवर पहिल्यांदा सिनेमावाले उतरले, तेव्हाची ही गोष्ट. ऐकायची तर नीट बसून ऐका, मधे फाटे फोडू नका. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांतलं आता कोणी उरलं नाही, पण ज्यांनी ऐकलं ते सगळे एकच सांगतात.

गाव ते केवढं! चाळीस उंबरे, एक देऊळ, एक विहीर आणि समोर दर्या. तिथे धाकू तांडेल राहायचा. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. त्याचा आवाज इतका खणखणीत, की त्याने बंदरावर हाक मारली तर खाडीपलीकडची कुत्री भुंकायची, असं म्हणतात. बायको लवकर गेलेली. घरात तो आणि त्याची एकुलती एक लेक, वेणू. पोरीवर त्याचा भारी जीव.

त्या सिनेमात शेवटी नटीने समुद्रात चालत जायचं होतं. नटी आली, घोटाभर पाण्यात शिरली आणि किंचाळत मागे पळाली. मग डायरेक्टर म्हणाला, नुसती पाठच तर दाखवायची आहे, गावातली एखादी पोर द्या. वेणू पुढे झाली. तिला हिरवं लुगडं नेसवलं, केस मोकळे सोडले. "मी हाक मारेपर्यंत मागे बघायचं नाही," असं डायरेक्टरने तिला बजावलं. काठावरच्या गर्दीला म्हणाला, "शूटिंग चालू असताना कोणी हूं की चूं करायचं नाही."

आता एक गोष्ट त्या परक्या माणसाला कोणी सांगितलीच नाही. सांगणार तरी काय, गावातल्या शेंबड्या पोरालाही ती ठाऊक! तिन्हीसांजेला दर्याकाठी हाक आली, तर पहिलीला ओ देऊ नये, दुसरीलाही देऊ नये. भुतं दोनदाच हाक मारतात. तिसरी आली तरच ती माणसाची समजावी, आणि मगच वळावं.

सूर्य टेकला. वेणू चालू लागली. गुडघाभर पाणी झालं, कमरेभर झालं. डायरेक्टरने कर्ण्यातून हाक मारली, "वेणू!" ती वळली नाही. "वेणू!" तरी नाही. ऐकलं असेल, येईल आता, असं म्हणून तो कॅमेऱ्याकडे वळला. गर्दीतल्या धाकूला मात्र कळत होतं, पोर तिसऱ्या हाकेची वाट बघत पुढे चालली आहे. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारच्या सिनेमावाल्याने ओठांवर बोट ठेवलं. आणि त्या भल्या माणसाने चारचौघांत मर्यादा राखली हो! तोंड मिटलं. एक लाट आली. लाट ओसरली तेव्हा पाण्यात कोणी नव्हतं.

दोन दिवस गावाच्या होड्या फिरल्या. लुगड्याचा धागासुद्धा हाती लागला नाही.

सिनेमा लागला आणि गाजला. ती समुद्रात जाणारी पाठ बघून माणसं ढसाढसा रडायची. मग गाड्या भरभरून लोक करंजवेळ बघायला येऊ लागले. धाकूने होडी वाळूवर उपडी घातली, ती पुन्हा लोटली नाही. तोच लोकांना पायी गाव फिरवायचा. "हे नटीचं घर. आत जाऊ नका, पुढची भिंत तेवढी आहे, मागे नुसते बांबू. ही विहीर खरी, पाणी पिऊन बघा." शेवटी, दिवस कलताना, पुळण. तिथे कोणीतरी विचारायचंच, "नटी बुडाली ती जागा कुठली हो?"

"नटी मुंबईत सुखात आहे," धाकू म्हणायचा. "बुडाली ती माझी लेक."

मग तो दर्याकडे तोंड करून हाक मारायचा. "वेणूऽऽ!" पुन्हा, "वेणूऽऽ!" आणि तिसरीला त्याचा गळा मिटायचा. वैद्याचे काढे झाले, देवीला कौल लावून झाले, पण दोनापुढे आवाज काही जाईना.

दुसरी हाक विरली की पाण्यात ती हिरवी पाठ उभी राहायची, असं म्हणतात. सगळ्यांना दिसायची नाही. ज्यांना दिसायची ते तिच्या मागे पाण्यात चालू लागायचे. धाकू त्यांना दंडाला धरून बाहेर ओढायचा. लेक समोर उभी, वळायला तयार, आणि बापाच्या गळ्यात एक हाक नाही. याहून वाईट काय असतं, तुम्हीच सांगा.

एका सांजेला साताऱ्याकडची एक मुलगी आली होती. सिनेमा तिने अकरा वेळा पाहिलेला. धाकूची दुसरी हाक झाली न झाली तोच ती सुसाट पाण्यात शिरली. धाकू धावला, पण म्हातारे पाय वाळूत रुतले. बघता बघता पाणी तिच्या छातीला लागलं. मोठी लाट उठत होती. धाकूला तिचं नाव ठाऊक नव्हतं. त्याने ऊर फुटेल असा दम घेतला आणि त्याच्या गळ्यातून बाहेर पडलं, "वेणूऽऽऽ!"

तिसरी हाक. ती अशी होती की नाव कोणाचंही असो, वळावंच लागावं. साताऱ्याची मुलगी वळली आणि धडपडत काठाला लागली. तिच्या मागे ती दुसरीही वळली. हळूहळू. इतक्या वर्षांनी. तिचं लुगडं कोरडं होतं आणि केसही कोरडे होते, असं म्हणतात.

"आबा, किती वेळ लावलात!" ती म्हणाली.

"चुकलो गो पोरी," धाकू म्हणाला आणि चालत पाण्यात गेला.

काठावर एकच गलका झाला. "धाकू तांडेल!" लोकांनी हाक मारली. "धाकू तांडेल!" साताऱ्याच्या मुलीने तिसरीसाठी तोंड उघडलं, तोच काठावर मासे विकणाऱ्या म्हाताऱ्या भागीआतेने तिच्या तोंडावर हात दाबला. "नको गो, बाय. तिसरी नको मारू. तो मागे फिरेल."

आजही करंजवेळात पाहुण्यांना पायी फिरवतात. पुळणीवरून निघताना प्रत्येकाला नावाने तीन हाका मारतात आणि तिसरीलाच ओ द्यायची असते. शहरातली माणसं पहिलीलाच ओरडतात आणि गावातल्या बायकांच्या शिव्या खातात. सगळे मोजून झाले की वाट दाखवणारा दर्याकडे तोंड करतो आणि धाकू तांडेलाला हाक मारतो. एकदा. मग आणखी एकदा.

आणि गप्प होतो. लेकीजवळ आहे बिचारा, राहू दे.