साच्याची चीर

कासारआळीत ठोकठोक थांबून नुकतंच यंत्र आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. पत्रा दाबून वाट्या काढणारा पोलादी साचा यंत्राहूनही महाग होता आणि त्याला त्याचा भारी तोरा होता.

एका सकाळी साच्याला बारीक चीर गेली. नुकतीच निघालेली वाटी घाबरून म्हणाली, "दादा, माझ्या बुडावर रेघ उमटलीय. मालकांना दिसू दे, आत्ता दुरुस्त होईल."

"गप्प बस! माझ्यासारख्याला तडा जात नसतो."

मालक कुशाबा वाट्या एकात एक घालत गेले, तशा रेघा झाकल्या गेल्या. दर वाटीला रेघ लांबत होती. साचा दात आवळून दाब सोसत राहिला.

काड्‌कन आवाज झाला.

संध्याकाळी भंगारवाल्याने साच्याचे दोन तुकडे तागडीत टाकले. वर गंजके खिळे टाकले आणि सगळ्याला एकच भाव लावला.