पापणीचा गोंद

"ओढून काढलंय तर डोळो जातलो?"

रुपेश अंगणातूनच विचारत आला. मोटारसायकल स्टँडवर लावायचंही त्याला भान नव्हतं. कुंपणाला टेकवून तशीच सोडली होती.

लवू मास्तर पडवीत बसून चहात बटर बुडवून खात होते. सकाळची थंडी होती, डोक्याला मफलर होता.

"काय ओढून काढतंस?"

रुपेशनं तोंडावरचा टॉवेल खाली घेतला.

अर्धा रंग पुसलेला, अर्धा तसाच. ओठांची लाली हनुवटीपर्यंत फरफटलेली. उजव्या डोळ्यावर नकली पापणी, लांब, काळीभोर, वर वळवलेली. आणि डावा डोळा बंद. तिथे नकली पापणीसकट वरची पापणी खालच्या पापणीला चिकटून बसली होती.

मास्तरांनी बटर बशीत ठेवला.

"बाबा गेले," रुपेश म्हणाला. "पहाटे. मी रंग उतरवत होतंय, तेव्हा फोन इलो."

मास्तरांनी कपही खाली ठेवला.

"उपटा मास्तरांनू. तुमी उपटा."

"बस."

"बसाक वेळ नाय!"

"तर मग उभो ऱ्हव. उपटूचंय नाय मी."

रुपेश बसला.

दशावतारात बाईचं काम पुरुषच करतो, हे कोकणात कोणाला सांगायला नको. रुपेश त्यातला गाजलेला गडी. मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन रडणारी राणी त्यानं उभी केली की समोरच्या बायका पदर तोंडात कोंबायच्या. मांडीवर असायची कापडाची बाहुली, पण हा रडायचा खरंखुरं. हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं, म्हणून स्वारी जरा ताठ्यातच असायची. सगळं शिकला तो लवू मास्तरांच्या पडवीत. मास्तर त्यांच्या काळी नुसत्या काजळावर जत्रा गाजवणारे. पण पोस्टरवर फोटो झळकायला लागल्यापासून रुपेशला या घराची वाट सापडत नव्हती. आज सापडली.

"खयचो गोंद लावलंस?"

"सुताराकडचो."

"काय?"

"लाकूड चिकटवतत तो. ट्यूबमधलो."

"आवशीच्या घोवा! डोळ्याक?"

"मागच्या जत्रेक रडताना पापणी सुटली. गालार इली. लोक हसले, मास्तरांनू! राणीचो झील मेलो आसा, आणि लोक फिदीफिदी हसतत." रुपेशचा आवाज आताही रागानं चढला. "मग म्हटलंय, आसवांनी सुटाचो नाय असो गोंद व्हयो."

"गावलो मा?"

रुपेशनं मान खाली घातली.

डावा डोळा कसा चिकटला तेही त्यानं सांगितलं. रडता रडता मनगटानं डोळा चोळला, गोंद अजून ओला होता, तो खाली उतरला. तसाच एका डोळ्यानं त्यानं शेवटपर्यंत प्रवेश केला. टाळ्या पडल्या म्हणे. टाळ्यांचं त्यानं आजसुद्धा सांगितलं. काय बोलावं अशा माणसाला!

"घरी काय चाललां?"

"आंघोळ घालतत तेंका. माणसां जमली. मी गेल्लंय तसोच, पाणंदीपर्यंत. काकांनी थंयच अडवलो."

"कित्याक?"

रुपेशनं हातातला टॉवेल पिळला.

"बाबांनी चार लोकांदेखत सांगून ठेवलेलां. बायलेच्या तोंडान माझ्या अग्नीक येव नको. इलंस तर सत्यवान अग्नी देतलो." सत्यवान हा त्याचा चुलतभाऊ. "काका म्हणाले, तोंड माणसासारख्या करून ये. दुपारी उचलतत. तवसर नाय इलंस, तर मडक्या सत्यवानाच्या खांद्यार."

एकुलता एक पोरगा. बाप भिकाजी घरच्या अंगणात पडलेला, आणि हा दुसऱ्याच्या पडवीत.

त्यानं खिशातून एक बाटली काढली. नखांचा रंग काढायचं औषध. सोबत दाढीचं ब्लेड.

"ह्या घाला डोळ्यार. नायतर ब्लेडान कापा. कायव करा."

मास्तरांनी बाटलीचं बूच उघडून वास घेतला. मग उठले, अंगणाच्या कडेला गेले आणि सगळी बाटली दगडावर उपडी केली.

"मास्तर!"

"एक थेंब आत गेलो तर बुबूळ भाजात." ब्लेड त्यांनी कुडाच्या फटीत वर खोचून टाकलं. "आणि कातर, ब्लेड, चिमटो, डोळ्याच्या वाटेक लागाचो नाय. समाजला?"

"मग कसा निघतला?"

"हळू."

"हळू! माझो बापूस थंय..."

"हळू," मास्तर परत म्हणाले, आणि आत चुलीकडे गेले.

हंड्यातलं पाणी त्यांनी भांड्यात घेतलं. आपल्या मनगटावर थेंब टाकून बघितला. कढत वाटलं, तसं गार घातलं. पुन्हा मनगटावर बघितलं. बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात ना, तसं. मग साबणानं हात धुतले आणि धुवट धोतराचा मऊ तुकडा फाडला.

रुपेश बघत होता. त्यांच्या नाटक कंपनीत एक शिस्त होती, मास्तरांनीच लावलेली. आपला रंग आपणच चढवायचा, आपणच उतरवायचा. दुसऱ्याच्या तोंडाला हात लावायचा नाही. एकदा नवीन असताना रुपेशनं शेजारच्याकडून भुवई कोरून घेतली, तर मास्तरांनी त्याला त्या प्रवेशाला उभंच केलं नव्हतं.

आज ते त्याच्यासमोर मांडी घालून बसले.

"डोळे मीट. एक मिटलेलोच आसा, दुसरो मीट."

कोमट फडकं त्यांनी दोन्ही डोळ्यांवर ठेवलं. दाबलं नाही, नुसतं ठेवलं.

"आता?"

"आता काय नाय. ऱ्हव."

फडकं निवलं की पुन्हा बुडवायचे, पुन्हा ठेवायचे. रुपेशचा पाय सारखा हलत होता.

फोन वाजला. त्यानं चाचपडत उचलला. पलीकडून काकांचा आवाज पडवीभर ऐकू आला. न्हावी आला, बांबू आले, भटजी विचारतायत.

"येतंय," रुपेश म्हणाला. "इलंयच."

फोन ठेवला आणि त्याचा हात आपोआप उजव्या डोळ्याकडे गेला. बोटांनी पापणीचं टोक धरलंसुद्धा.

मास्तरांनी फाडकन हातावर चापट मारली.

"चामडी येतली तेच्याबरोबर! गाढवा, गोंदाक तुझी घाई कळता काय?"

...

मग त्यांनी खोबरेल तेलाची वाटी घेतली. कापसाची वात वळली, तेलात बुडवून निथळवली आणि नकली पापणी कातडीला जिथे चिकटली होती त्या रेषेवरून फिरवली. डोळ्यात नाही जाऊ दिलं, नुसतं कडेकडेनं. आणि पुन्हा हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"मास्तरांनू."

"बोल."

"माका रडाक येणा नाय."

मास्तरांनी वात पुन्हा तेलात बुडवली.

"फोन इलो, नाय इला. पाणंदीत काकांनी अडवलो, थंयसून आंगण दिसता, बाबांचे पाय दिसले. नाय इला. त्या कापडाच्या बाहुलेसाठी इतकी वर्सां रडलंय, सांगशात तेव्हा रडलंय. आणि सख्ख्या बापासाठी माका..." तो थांबला. "मी माणूस तरी आसंय काय?"

मास्तरांनी वात नवीन वळली.

"रडलंय असतंय तर सुटली असती काय पापणी?"

"नाय," मास्तर म्हणाले. "तू गोंदच तसो लावलंस."

हे ऐकून रुपेश हसला. कसला हसणार, घशातून नुसता आवाज आला.

मास्तरांनी एका बोटानं त्याची कातडी कानाकडे अलगद धरून ठेवली. दुसऱ्या हातातल्या वातीनं बाहेरच्या टोकापासून नकली पापणी गुंडाळत आणायला लागले. जिथे अडली तिथे ओढली नाही. तेल लावलं, थांबले. पुन्हा अडली, पुन्हा थांबले. रुपेशच्या जागी दुसरा कोणी असता तर उठून पळाला असता, इतका वेळ त्यांनी लावला.

शेवटी ती निघाली. मास्तरांच्या तळहातावर पडली तेव्हा मेलेल्या सुरवंटासारखी दिसत होती. तिच्याबरोबर रुपेशचे स्वतःचे दोन-तीन केस आले होते. पापणी लाल झाली होती, पण कातडी शाबूत होती.

"उघड."

रुपेशनं उजवा डोळा उघडला. पाण्यानं भरला होता, पण दिसत होतं.

"आता डावो," तो घाईनं म्हणाला.

डाव्या डोळ्यावर मास्तरांनी फडक्यावर फडकी ठेवली. कडेला तेल दिलं. ओठांची लाली पुसली, गालाचा उरलासुरला रंग पुसला, मानेवरचा पुसला. पुन्हा फडकं ठेवलं. बाहेरच्या कोपऱ्यात जरा ढिलं पडलं, पण तेवढंच. वरचं खालचं सुटेना.

ऊन अंगणात आलं.

मास्तरांनी फडकं पिळून वळणीवर टाकलं.

"झाला."

"खंय झाला? डोळो मिटलेलोच आसा."

"तो आज सुटाचो नाय. दोन-चार दिवसांनी आपसूक सुटतलो. अग्नी देवन झालो की तसोच डोळ्यांच्या डॉक्टराकडे जा. मधी हात लाव नको, तेल घाल नको, कोणी सांगितल्यानी म्हणान कायव लाव नको."

"पापणीचो तुकडो लटाकता थंय! दिसता तो!"

"दिसांदे."

"नाय." रुपेश भिंतीला टेकून पुन्हा खाली बसला. "परत फडक्या ठेवा. पुरा सुटल्याबिगर मी जावचंय नाय."

मघाशी याला बसायला वेळ नव्हता. आता उठायला तयार नाही.

"रुपेशा, दुपार होईत इली."

"होवंदे."

"सत्यवान मडक्या घेतलो."

"घेवंदे! तेचा तोंड तरी स्वच्छ आसा." आणि मग तो ओरडलाच, आवाज फाटला. "तुमका ठाव नाय मास्तरांनू! बाबांनी माझां काम कधी बघूक नाय. जत्रेक येयत. सगळ्यांच्या पुढे बसत. आणि मी पडद्यातसून इलंय की पाठ करून बसत, सगळ्या गावासमोर. घरात पण तसांच. जेवताना ताटाकडे बघीत, दाराकडे बघीत, पण माझ्या तोंडाकडे नाय. भाकरी व्हयी काय, ह्या पण भिंतीक विचारीत."

मास्तर ऐकत होते.

"म्हटलंय, आज तरी तोंड धुवन जाव्या. एकदम स्वच्छ. मुलग्यासारख्या. म्हणजे आज तरी ते..."

पुढे काय म्हणायचं होतं ते त्याच्या लक्षात आलं.

...

"आता कधीच बघूचे नाय, मास्तरांनू," तो हळू म्हणाला. "मी कितीव धुतलंय तरी."

फोन पुन्हा वाजत होता. त्यानं तो उचलला नाही. वाजून वाजून थांबला, आणि पुन्हा वाजायला लागला.

मास्तर उठले. भांड्यातलं कोमट पाणी त्यांनी अंगणात ओतून टाकलं. तेलाची वाटी उचलून फळीवर ठेवली. चूल विझवली. रुपेश हे सगळं एका डोळ्यानं बघत होता, आणि तो डोळा आता नुसता वाहत होता. पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

मास्तरांनी आपल्या डोक्याचा मफलर काढून त्याच्या डोक्याला बांधला, तोंड मात्र उघडं ठेवलं. दोन्ही खांद्यांना धरून त्याला उभं केलं आणि अंगणात आणून गाडीसमोर सोडलं.

"असोच जाव?" रुपेशनं विचारलं. "ह्या तोंडान?"

"भिकाजीचे दोनव डोळे मिटले, झिला," मास्तर म्हणाले. "तुझो एक उघडो आसा."