कारल्याच्या पानाचे व्रत

फार मागची गोष्ट. केळीच्या बागेत एका भारद्वाजाने गोगलगायी पाळल्या होत्या. रोज तो त्यांना कोबीचा कोवळा पाला वाढायचा. "खा गं बायांनो. जे खाल ते अंगी लागतं, गोडवासुद्धा," म्हणायचा. भारद्वाज पडला शुभ पक्षी, म्हणून साऱ्या निश्चिंत.

त्यांच्यातल्या थोरल्या मावशीला मात्र धाकधूक वाटे. आपल्या गोडव्याची याला कशाला एवढी काळजी? तिने चातुर्मास धरला आणि कुंपणावरच्या कारल्याच्या पानांखेरीज काही तोंडात घातले नाही. "मावशी, बोलणंही कडू होईल हो," धाकट्या हसायच्या.

एके दिवशी पाला आलाच नाही. "दोन दिवस उपास करा, पोट स्वच्छ होतं," भारद्वाज म्हणाला. धाकट्यांना वाटले, हेही व्रतच. मावशीने ओळखले, खाण्याआधी हा आमची पोटं रिकामी करतोय. तिने सगळ्यांना केळीच्या बुंध्याआड घातले. 'देवा, पहिला घास तरी कडू लागू दे,' म्हणत स्वतः पुढे बसली.

तिसऱ्या सकाळी भारद्वाजाने तिलाच उचलले. चोच शंखात घातली मात्र, त्याने तिला थुंकून टाकले. "काय खाता गं तुम्ही?"

"तुम्ही वाढता तेच की, दादा," सर्वांत धाकटी भाबडेपणाने म्हणाली.

"म्हणजे सगळ्याच अशा," तो पुटपुटला आणि उडून गेला, तो परत फिरकला नाही.

मावशीच्या शंखाला चीर गेली होती, पण जीव शाबूत होता. धाकट्या बुंध्याआडून जवळ आल्या. "मावशी, उपास आता कशानं सोडायचा?"

मावशीने कुंपणाकडे शिंगे वळवली. "चला. वेल अजून हिरवा आहे."