गेनू आणि गुलाबी कूलंट

एका गावात एक भोळा ड्रायव्हर होता. गेनू त्याचं नाव. गाडी झकास चालवायचा. गाडी थांबली, की घोटाळा सुरू व्हायचा.

त्याचे मालक नाना खराडे. नानांना एकुलती एक लेक, शैला. तिचं लग्न ठरलं म्हणून नानांनी नवी टर्बो गाडी घेतली. व्याही दिनकरराव भारी तापट. लेक नीट सासरी पोचेपर्यंत नानांच्या जिवाला घोर होता.

रसूल मिस्त्रीनं गेनूला बजावलं, "टर्बोचं इंजिन लई तापतं. नळाचं पाणी घातलंस तर वाट लागंल. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच इंजिन गार ठेवणारं गुलाबी कूलंट घालायचं. निम्मं कूलंट, निम्मं बॅटरीचं पाणी. ध्यानात ठेव."

गेनूनं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दिनकरराव चहाला आले. नानांच्या बायकोनं, काकींनी, गेनूला दूध तापत ठेवायला सांगितलं. त्यानं निम्मं दूध घेतलं, निम्मं बॅटरीचं पाणी. एक घोट घेऊन दिनकररावांनी कपबशी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

"अरे मेल्या, दुधात कशाला घातलंस पाणी?" काकी कडाडल्या. "दूध नुसतं तापवायचं. वाफ आली, की पटकन झाकण काढायचं. एवढंच!"

"एवढंच ना," गेनू म्हणाला.

मग नाना पत्रिका वाटायला निघाले. घाटाच्या चढाला इंजिन तापलं आणि बॉनेटमधून वाफ आली. गेनूनं बॉनेट उघडलं, हाताला पोतं गुंडाळलं आणि रेडिएटरचं पटकन झाकण काढलं. कारंजं उडालं. नाना दोन उड्या मागे सरले म्हणून वाचले. धोतर मात्र गुलाबी झालं.

निरोप मिळताच मिस्त्री धावत आला. "तापल्यावर उघडतोस व्हय? आधी निवू द्यायचं, मग उघडायचं!" त्यानं जवळ होतं तेवढं गुलाबी कूलंट भरलं. ते थोडं कमीच पडलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी गेनू दिनकररावांना घेऊन आला. नानांच्या दारात गाडी बंद केली, खाली उतरला आणि सवयीनं किल्लीनं दारं लावून टाकली. ऊन रणरणत होतं. मागच्या दाराला लहान पोरांसाठीचं लॉक, त्यामुळे ते आतून उघडेना. दिनकरराव काच बडवू लागले. तोंड लालबुंद, अंगातून घामाच्या धारा.

"अरे, दार उघड!" नाना ओरडले.

गेनूनं काचेतून नीट निरखून पाहिलं. "तापलेत, नाना. निवले की उघडतो."

नानांनी किल्ली हिसकावून दार उघडलं. दिनकरराव बाहेर पडले आणि म्हणाले, "आता आणखी एक घोटाळा झाला, तर तुमची लेक तुमच्याच घरी ठेवा!"

नानांनी गेनूला बाजूला घेतलं. ते गेनूला म्हणाले, "उद्या वरात आहे. कमी पडलेलं कूलंट आण. तोंडातून शब्द काढू नकोस. देतील ते घे आणि ये."

दुकानदारानं विचारलं, "कुठली गाडी? टर्बो आहे का? कुठल्या रंगाचं लागतं?"

गेनू गप्प. दुकानदारानं कंटाळून हिरवी बाटली दिली.

गेनू ती गाडीत ओतणार, तेवढ्यात मिस्त्रीनं हात धरला. "येड्या, गुलाबीत हिरवं घालतोस? दोन्ही एक झाली तर आत गोळा होतो, इंजिन बसतं. एका गाडीत एकच रंग! हिरवं भरायचंच असंल तर आधी गुलाबी सगळं काढायचं, दोनदा पाण्यानं धुवायचं आणि मगच हिरवं."

"आता पक्कं कळलं," गेनू म्हणाला. मिस्त्रीनं स्वतः गुलाबी आणून भरलं.

लग्न थाटात लागलं. वरात निघाली. गाडीत नवरदेव बसला. गुलाबी फेटा, गुलाबी शेरवानी. शेजारी शैला बसली. हिरवा शालू, हिरवा चुडा. दोघांच्या उपरण्या-शेल्याची गाठ बांधलेली.

गेनूला दरदरून घाम फुटला.

"ताई, जरा खाली उतरा."

शालू दारात अडकला असेल, असं वाटून शैला उतरली. गेनूनं गाठ सोडली, दार लावलं आणि गाडी सोडली. बँडच्या गोंगाटात कुणाला काही कळलंच नाही.

"अहो, ती राहिली!" नवरदेव ओरडला.

"इंजिन बसंल, दाजी," गेनू म्हणाला.

वरातीमागून घोडं सगळ्यांनी ऐकलं होतं. वरातीमागून नवरी पहिल्यांदाच.

सासरच्या उंबऱ्यात विहीणबाई पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. शेजारी पुढच्या जीपनं पोचलेले दिनकरराव. गाडीतून नवरदेव एकटाच उतरला.

"सून कुठाय?" दिनकरराव गरजले.

गेनूनं विहीणबाईंच्या हातातला तांब्या घेतला आणि नवरदेवाच्या फेट्यावर पालथा केला.

"हे एकदा झालं," तो म्हणाला. "अजून एक तांब्या द्या, म्हणजे हिरवं घेऊन येतो."