शेवटचं ताट

भक्तहो, त्या वर्षी रुंजाजी महाराज आंबेदरा गावी महादेवाच्या देवळात उतरले होते. सुगी नुकतीच आटोपली होती. महाराज कुणाला मंत्र देत नसत, ताईत देत नसत. ओट्यावर बसायचे, येईल त्याच्याशी बोलायचे. कुणी भाकरी आणली तर ती हातात घेऊन आधी विचारायचे, "घरात सगळे जेवले का?" हो म्हटलं तरच तुकडा मोडायचे.

त्या गावात रखमाजी जाधवर नावाचा सधन शेतकरी होता. त्याच्या घरात एक रिवाज होता. गर्भारशीला पाचवा महिना लागला की तिची भाकरी अर्धी करायची, दूध बंद, गूळ बंद. पोटातलं लेकरू लहान राहिलं म्हणजे सहज बाहेर येतं, अशी समजूत. रखमाजीची पहिली बायको यसू सहा वर्षांपूर्वी बाळंतपणात लेकरासकट गेली होती. लेकरू मोठं झालं म्हणून घात झाला, असं त्याच्या मनाने घेतलं. म्हणून दुसरी बायको कौसा गर्भार राहिली तेव्हा त्याने रिवाज आणखी घट्ट धरला. रोज संध्याकाळी तो तिला विचारायचा, "किती खाल्लीस?"

ती म्हणायची, "अर्धी."

मग त्याला बरं वाटायचं. आपण बायकोला जपतो आहोत, असं त्याला खरोखर वाटायचं.

गावकुसाबाहेर भिवरा नावाची सुईण राहायची. महाराजांवर तिची फार श्रद्धा. गावातल्या प्रत्येक गर्भारशीकडे ती महिन्याला एक फेरी मारायची. पायावर बोट दाबून सूज बघायची, डोळ्याची खालची पापणी ओढून आतला लाल रंग बघायची. कौसाला सातवा महिना असताना ती रखमाजीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मालक, बाईची पापणी आतून कापसासारखी पांढरी झालीय. चार पावलं चालली की धाप लागती तिला. दूध द्या, पालेभाजी द्या, गूळ-शेंगदाणे द्या. पाण्याच्या खेपा बंद करा."

ओसरीवर चार माणसं बसलेली होती. रखमाजी त्यांच्याकडे बघून हसला. "ऐकलं का? आधी खाऊ घालून लेकरू फुगवायचं, मग अडलं की हिलाच बोलवायचं. धंदा बरा आहे तुझा, भिवरे!"

"महाराजांची शपथ, मालक, मला काही नको."

"आता महाराज तुला वैद्यकी पण शिकवायला लागले का?"

ओसरी खदखदून हसली. भिवरा मान खाली घालून निघून गेली. देवळापाशी जाऊन तिने लांबूनच ओट्याला हात जोडले. महाराजांनी विचारलं, "काय झालं, माय?" ती म्हणाली, "माझं काही न्हाई, देवा. त्या लेकीला सांभाळा."

पुढच्या महिन्यात रखमाजीने महाराजांना जेवायला बोलावलं. साठ पानं मांडली. पुरणपोळी, आमटी, भजी, तूप. कौसाला आठवा महिना. शेजारच्या बायका हाताखाली होत्या, पण पोळ्या तिनेच लाटल्या. महाराजांचं ताट चांदीचं होतं. सगळे वाट बघत होते, पण महाराजांनी घासाला हात लावला नाही.

"रखमाजी, यांना जेवू दे. तुझ्या घरात सगळ्यांत शेवटी जो जेवतो, त्याच्या ताटातलं मी खाईन."

लोक म्हणाले, वा! केवढी ही नम्रता! रखमाजीचीही छाती फुगली. "महाराज, शेवटी तर बायका जेवतात."

"मग शेवटच्या बाईच्या ताटातलं."

पंगत उठली. गडी जेवले. शेजारच्या बायका आपापल्या लेकरांसाठी पोळ्या बांधून घरी गेल्या. उन्हं कलली तेव्हा महाराज उठले आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. मागोमाग रखमाजी, आणि त्याच्यामागे सगळी पंगत.

कौसा चुलीमागे बसली होती. तिच्यापुढे अर्धी भाकरी आणि मीठ. पुरणाचं भांडं शेजारी होतं, पण त्यातलं तिने घेतलं नव्हतं. तिच्या डाव्या मुठीत काहीतरी होतं. महाराजांनी हात पुढे केला. तिने मूठ उघडली. भिंतीची माती! चुलीमागची भिंत तिने नखांनी उकरली होती. वीतभर खळगा पडला होता.

"केव्हापासून खातेस, लेकी?"

"पाचव्यापासून." तिने पदर तोंडाशी धरला. "राहवत न्हाई, महाराज. पोट मागतं."

महाराज तिच्या ताटाशी मांडी घालून बसले. अर्ध्या भाकरीतला तुकडा मोडला, त्यावर ती माती ठेवली आणि खाल्ली. सावकाश, चावून खाल्ली.

साठ माणसांसमोर रखमाजीचा चेहरा उतरला. पण खरी लाज अजून त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. त्याला बायकोचाच राग आला. चारचौघांत हिने आपली अब्रू घालवली, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. तो ओरडला, "घरात काय दुष्काळ पडला होता का गं, भिंती खायला?"

कौसा महाराजांच्या पाया पडायला उठली. भिंतीला धरून उभी राहिली आणि तिथेच कोसळली. लुगडं रक्ताने भिजत गेलं.

भिवरा मागच्या अंगणात उष्ट्या पत्रावळी गोळा करत होती. कुणीतरी हाक मारली तशी ती धावत आली. कौसाला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं. रखमाजी ओसरीवर उभा राहिला. आतून कौसाचं कण्हणं ऐकू येत होतं. बराच वेळ गेला. मग लेकरू रडलं, मांजराच्या पिलासारखं, बारीक. रखमाजीने श्वास सोडला. लेकरू लहान होतं. त्याला हवं होतं तसंच.

पण भिवरा दारात आली तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते. "मालक, पोरगी हाय. पर रगत थांबंना. बाईच्या अंगात आधीच रगत न्हाई हो. व्हतं ते चाललं."

हेच शब्द! यसूच्या वेळी याच दारात, याच बाईने हेच शब्द सांगितले होते. ते त्याने सहा वर्षं मनाच्या तळाशी दाबून ठेवले होते. लेकरू मोठं होतं असं कुणीच म्हटलं नव्हतं. ते त्याचं त्यानेच ठरवलं होतं.

"महाराज!" म्हणून तो वळला.

महाराज ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांचा सावळा चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ पांढरे. बघता बघता पाय सुजले, नखांचा रंग उडाला. छाती भात्यासारखी चालत होती. एका भक्ताने त्यांची पापणी ओढून बघितली. आत लाल असं काहीच नव्हतं.

आणि आतून भिवराची हाक आली, "थांबलं! थांबलं गं माय! रगत थांबलं!"

रखमाजी आत धावला. कौसाचे डोळे उघडे होते. ओठांवर फिकटसा रंग आला होता. तो बाहेर आला आणि महाराजांच्या पायांवर पडायला गेला, तर महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझ्यापाशी होतं तेवढं दिलं," महाराज म्हणाले. आवाज अगदी खोल गेला होता. "रोज रोज असं देता येत नाही, रखमाजी. रोजचं तिला तूच द्यायचं होतंस."

रखमाजी गुडघ्यांवर बसला. मग सगळ्यांसमोर तो म्हणाला, "महाराज, यसू पण अशीच गेली. तेव्हा तुम्ही का नाही आलात?"

"आलो होतो. तीनदा आलो होतो. याच दारात उभा राहून तिच्यासाठी वाटीभर दूध मागितलं. तिसऱ्यांदा तू कुत्रं सोडलंस माझ्यावर."

लोक एकमेकांकडे बघू लागले. महाराज तर आंबेदऱ्यात यंदा पहिल्यांदाच आले होते. पण रखमाजीला आठवलं. कोण आलं होतं ते आठवलं. कुत्रं सोडल्यावर कोण पळालं, आणि दाराआडून यसू काय म्हणाली, तेही आठवलं. यसू म्हणाली होती, "अहो, नका. ती भिवरा माझ्यासाठीच आलीय." त्याने कपाळ जमिनीला टेकवलं. वर बघायची त्याची हिंमत होईना.

इतक्यात भिवरा हात धुऊन बाहेर आली. तिला या बोलण्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "मालक, तिला आत्ताच्या आत्ता पातळ पेज पायजे. तूप-मीठ घालून. तांदूळ कुठं असत्यात?"

रखमाजी आत गेला. चाळीस वर्षं त्या घरात राहिलेला माणूस, उतरंडीसमोर उभा राहिला आणि त्याला तांदळाचं मडकं सापडेना. एकात ज्वारी निघाली, एकात डाळ. शेवटी तो कौसाच्या उशाशी गेला. तिच्याकडे बघणं त्याला जमत नव्हतं. खाली बघतच त्याने विचारलं, "तांदूळ कुठं ठेवतेस गं?"

"खालून दुसऱ्या मडक्यात," ती म्हणाली. आणि मग, सवयीने, "मला अर्धी वाटीच करा."

त्याने दोन ओंजळी भरून तांदूळ सुपात घेतले. ते सूप बाहेर आणून त्याने भिवरापुढे ठेवलं आणि साठ माणसांच्या देखत, तिच्या ओल्या, चिखलाच्या पायांवर डोकं ठेवलं. मागच्या महिन्यात ओसरीवर हसलेले चौघेही तिथेच होते. एकाने डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. महाराज खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी थोडी कांती परत येत होती.

भिवरा गडबडून मागे सरली. "उठा, मालक, उठा. मी तुमच्या चुलीला शिवत न्हाई. जाळ तुम्हालाच घालावा लागंल."