खालच्या फळीवरचं खोकं

"सगळं सोडलं म्हणतोस. मग हे काय उघडून बसलास?"

भंते उपसेन यांनी हे विचारलं तेव्हा प्रबोध गजभिये विहाराच्या ओसरीत बसला होता. मांडीवर लॅपटॉप होता. भोजन आटोपलं होतं. माघातलं ऊन ओसरीच्या कडेपर्यंत येऊन थांबलं होतं. खाली वैनगंगा दिसत होती, अर्ध्या पात्रात पाणी, अर्ध्यात वाळू.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रबोधला प्रव्रज्या मिळायची होती. केस उतरवायचे, चीवर घ्यायचं, घर मागे टाकायचं. त्यासाठीच तो नागपूरहून आला होता. वय पन्नाशीच्या पुढे. आयुष्य मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळण्यात गेलेलं. लग्न केलं नव्हतं. घरी फक्त आई.

"घरचा सर्व्हर आहे, भंते," तो म्हणाला. "शेवटचं एक काम राहिलंय."

"कसलं?"

"इथून घर दिसेल, अशी सोय."

भंते त्याच्या शेजारी चटईवर बसले.

"भिक्खूला घर कशाला दिसायला हवं?"

"बघणारच आहे असं नाही, भंते. सोय असावी, एवढंच."

"असावी…"

"हो."

भंते नदीकडे बघत राहिले.

प्रबोध समजावून सांगू लागला. आमच्या स्वयंपाकघरात एक लहानसं खोकं आहे, तोच सर्व्हर. लिनक्सवर चालतं. त्याला ना मॉनिटर, ना कीबोर्ड, ना माऊस. नुसतं खोकं आणि दोन वायरी. पण अख्खं घर तेच चालवतं. आईच्या गोळीची वेळ झाली की घंटी वाजवतं. टाकी भरली की पंप बंद करतं. गॅस गळला तर बोंब मारतं. चारही खोल्यांचे कॅमेरे त्यालाच जोडलेले आहेत.

"मी नसलो तरी घराचं काही अडणार नाही, असं करून ठेवलंय," तो म्हणाला. हे सांगताना त्याची मान जराशी ताठ झाली असावी.

"तू नसलास तरी."

"काहीच अडणार नाही."

"मग बघायचं काय?"

प्रबोध हसला. प्रश्न त्याला भाबडा वाटला. भंते पूर्वी तार खात्यात होते हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "तुमच्या वेळी नुसती टिकटिक ऐकू यायची, भंते. आता समोर दिसतं."

"टिकटिकीत माणूस मेल्याचं कळायचं. जन्मल्याचंही."

"ते खरं. पण दिसायचं नाही ना?"

"नाही. घरी जावं लागायचं."

प्रबोधने मान खाली घातली आणि कामाला लागला.

काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं उमटत होती. तो इथे टाइप करायचा आणि नागपुरातलं खोकं तिथून उत्तर द्यायचं. रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे तिथला पडदा इथे दाखवणारा, प्रोग्राम त्याने खोक्यात बसवला. मग इथून हाक दिली. खोक्याने ओ दिली… आणि समोर आला काळा पडदा.

"काय झालं?"

"काही नाही. जोडलं गेलंय. पण मॉनिटर लावलेला नाही ना, म्हणून ते चित्रच काढत नाही. आपल्यासमोर कुणी नाही असं त्याला वाटतं."

"खरंच आहे. कोणी नाही."

"त्याला फसवायचं असतं, भंते. बोटाएवढा एक प्लग मिळतो. तो लावला की खोक्याला वाटतं समोर मॉनिटर आहे, कोणीतरी बघतंय. मग चित्र काढायला लागतं. मी आणून ठेवलाय. फक्त लावायचा राहिला."

"आता कोण लावणार?"

प्रबोधने फोन काढला आणि आवाज मोठा केला, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील.

"आई."

"बोल गा." भागीरथाबाईंचा आवाज ओसरीत घुमला. "पोचला का? मुंडन झालं का?"

"उद्या आहे. ऐक, ड्रॉवरमध्ये एक काळा लहानसा प्लग आहे."

"इथं तर सारंच काळं हाये, बाप्पा."

"बोटाएवढा. वायर नसलेला."

"वायर नाही तं काय कामाचा?"

"आई, आहे कामाचा. तो खोक्याच्या मागे लाव. चपट्या भोकात."

"कोन्तं खोकं? लाइट लुकलुकते ते? खालच्या फळीवरचं?"

"तेच."

बराच वेळ भांडी सरकवल्याचे आवाज आले. मग धाप लागलेला आवाज.

"जात नाही रे."

"उलटा धर."

"मी काहून उलटी होऊ? तूच ये अन् घाल." आणि लगेच, "…गेला. गेला बाप्पा आतमधी. झालं ना? ठेवू?"

भंतेंच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या.

"भंतेजी हायेत का तिथं?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"आहे, ताई."

"वंदामि, भंतेजी. जरा हळू शिकवा त्याले. लवकर चिडते."

"तुम्हाला एक विचारायचंय, ताई. आईची परवानगी नसेल तर आम्हाला कुणाला घेता येत नाही. तुम्ही दिली आहे ना?"

"देल्ली ना. त्यानं इचारलं, मी हो म्हनलं. लहान लेकरू हाये का तो?"

फोन बंद झाला.

प्रबोधने पुन्हा हाक दिली. या वेळी पडदा उजळला. खोक्याच्या आत असलेलं सगळं त्याच्या मांडीवर आलं. त्याने एका चौकटीवर बोट दाबलं आणि स्वयंपाकघर उघडलं. ओटा, शेगडी, खिडकी. ओट्यापाशी पाठमोरी उभी असलेली म्हातारी.

"बघा भंते. दीडशे किलोमीटर… आणि समोर आई."

भंतेंनी वाकून पाहिलं.

"तिला माहीत आहे, तू बघतोयस?"

"तिला काय त्याचं? मी घरी असलो तरी असाच बघतो. मधल्या खोलीत काम करत असलो, की पडद्याच्या कोपऱ्यात हे चालू असतं."

"मधल्या खोलीतून स्वयंपाकघर किती लांब?"

प्रबोधला प्रश्न कामाचा वाटला नाही.

"आता शेवटची पायरी," तो म्हणाला. "मला दिसतं म्हणजे चोरालाही दिसू शकतं. म्हणून फायरवॉल. भिंतच समजा. दोन ओळी लिहायच्या. पहिली म्हणजे बाहेरून येणारी सगळी दारं बंद. दुसरी म्हणजे फक्त माझं दार उघडं. आणि मी कामं अर्धवट करत नाही, भंते. खोकं बंद करून पुन्हा चालू केलं तरी भिंत जागेवर राहील, हेही सांगून ठेवलंय. असं काम करणारे थोडेच असतात."

त्याने पहिली ओळ लिहिली. पाठवली.

दुसरी ओळ लिहिली. पाठवली…

अक्षरं पुढे सरकली नाहीत.

पुन्हा पाठवली.

शेजारच्या चौकटीत भागीरथाबाईंनी वरच्या फळीकडे उजवा हात उचलला होता. हात तिथेच राहिला. पदर तिथेच राहिला. शेगडीवरची वाफ अर्ध्यावर थांबली.

प्रबोधने तीच कळ पुन्हा पुन्हा दाबली.

"काय झालं?" भंतेंनी विचारलं.

"मी… पहिल्या ओळीने सगळी दारं बंद झाली. माझं पण. दुसरी ओळ ज्या दाराने जायची होती, ते दारच बंद."

"तुझं दार आधी उघडायला हवं होतं."

"हे कुणालाही कळतं, भंते. शिकाऊ पोरालासुद्धा कळतं. मीच पोरांना शिकवायचो हे."

"आता?"

"इथून काही होणार नाही. त्या खोक्यापाशी जाऊन, मॉनिटर-कीबोर्ड लावून, समोर बसून दार उघडायचं. दुसरा मार्ग नाही."

"आईला जमेल?"

"नाही."

"शेजारी कुणाला?"

"पासवर्ड माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. कुणाला सांगणारही नाही."

तो त्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिला. हात वर, पाठमोरी, अर्धवट वाफ.

तेव्हा भंते उपसेन यांनी आपला उजवा हात उचलला. चीवराच्या घडीतून बाहेर काढून वर, खांद्याच्याही वर, चित्रातल्या हातासारखा. आणि तसाच धरून ठेवला.

प्रबोधला आधी वाटलं, ते काहीतरी दाखवत आहेत. त्याने वर पाहिलं. छताला काहीच नव्हतं.



थोड्या वेळाने हात थरथरू लागला. भंतेंचं वय सत्तरीच्या पलीकडचं. मनगटाची शीर उठून दिसू लागली.

"भंते, हात खाली घ्या."

हात खाली आला नाही.

"भंते… दुखेल."

"कुणाचा?"

प्रबोधची नजर पडद्याकडे गेली, पुन्हा भंतेंच्या हाताकडे आली.

फोन वाजला.

"हॅलो, प्रबोध? घंटी वाजली, गोळी घेतली. पंप पन झाला बंद आपोआप." भागीरथाबाई खुशीत होत्या. "सारं चालू हाये इकडे. तुयाबिगर काही अडलं नाही पाय!"

पडद्यावरच्या भागीरथाबाई अजून हात वर करूनच उभ्या होत्या.

"आई," प्रबोध म्हणाला, "तू वरून काय काढत होतीस?"

"कवा?"

"आत्ता. वरच्या फळीवरून."

"पोह्याचा डबा. काढला तवाच. पोहे भिजू बी घातले. काहून?"

"डबा वर कशाला ठेवतेस? हात पोचत नाही तुझा."

"तं कुठं ठेवू? खालच्या फळीवर तुयं खोकं हाये ना. तूच म्हनला, त्याले हवा लागते, बाजूले काही ठेवू नको म्हनून. तवापासून सारे डबे वरतीच हायेत."

प्रबोधचा आवाज बारीक झाला.

"खांदा दुखतो का?"

"रोजचंच हाये ते. रात्री जरा जास्त."

"मला कधी सांगितलं नाहीस, आई."

"तुले दिसत होतं ना रे," भागीरथाबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. "मले वाटलं, रोज पाहते तो. मंग काय सांगाचं?"

प्रबोधने लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला.

"हॅलो? गेला का तू?"

"आहे, आई."

"बरं मंग. उद्या मुंडन झालं का फोटू धाड. ठेवते."

भंतेंनी हात खाली घेतला. दुसऱ्या हाताने खांदा चोळला. चीवर नीट केलं.

"चांगली बातमी आहे," ते म्हणाले. "आईची परवानगी आहे. घराचं काही अडलेलं नाही. राहिलेली दोरी तूच तोडलीस. एवढी तयारी करून फार थोडे लोक येतात. पहाटे वस्तरा लावू."

प्रबोधने मान हलवली. हो अशी की नाही अशी, ते सांगता येत नाही.

चित्र नाहीसं झालं. त्या जागी एक लहान चौकट उमटली. जोडणी तुटली आहे, पुन्हा प्रयत्न करायचा का, असं ती विचारत होती. प्रबोधचं बोट तिच्यापर्यंत गेलं… आणि परत आलं.

"उद्या नको, भंते."

"का?"

"मला घरी जायचंय."

"दार उघडायला?"

"दार…" तो थांबला. "दाराचं नंतर बघू. खोकं हलवायचंय तिथून. डबे खाली घ्यायचेत."

"सांग कुणाला तरी. शेजारीपाजारी असतील. ह्याला पासवर्ड लागत नाही."

हे भंते इतक्या सहज बोलले, की प्रबोधने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा गंभीर होता. थट्टा असलीच तर ती फार खोल होती.

"नाही, भंते. मी जातो."

"डबे खाली घेतलेस की खांदा बरा होईल?"

"नाही होणार."

"मग?"

प्रबोधने बरंच काही बोलायचा प्रयत्न केला. दवाखाना, शेक, तेल, डॉक्टर अशी कामं त्याच्या तोंडाशी आली आणि एकेक करून परत गेली. शेवटी तो म्हणाला, "माहीत नाही."

विहारात आल्यापासून त्याच्या तोंडून हे दोन शब्द पहिल्यांदाच निघाले होते.

भंते उठले. आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात प्रबोधची पिशवी होती. त्यांनी ती त्याच्यासमोर ठेवली. प्रबोधने लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"भंते, सात वर्षं झाली मला तुमच्याकडे यायला लागून. दरवेळी वाटायचं, थोडी व्यवस्था लावून झाली की सुटलो. या वेळी खरंच वाटलं होतं, सगळं सोडून आलो."

भंतेंनी पिशवीचा बंद सरळ केला.

"तुमची फसवणूक झाली माझ्याकडून."

"माझी नाही."

प्रबोधने तीन वेळा वाकून वंदन केलं. पिशवी खांद्याला अडकवली. पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेला. तिथून रस्ता नदीच्या कडेने बसथांब्याकडे जातो.

फाटकाला हात लावून तो वळला. भंते ओसरीच्या कडेला, उन्हात उभे होते.

"भंते!" त्याने तिथूनच विचारलं. "मी परत आलो… तर घ्याल ना मला?"

भंते उपसेन एक पायरी खाली उतरले.

"आधी पोच तर खरं."