केसरबाईचा दोर

फार फार वर्षांमागं, प्रवरेच्या काठच्या माळावर खडकवाडी नावाचं गाव होतं. तिथं दोर वळणारी केसरबाई राहायची. तिच्या हातचा दोर हत्तीनं ओढला तरी तुटत नसे, असं म्हणतात. हत्ती त्या गावात कधी आला नाही ही गोष्ट वेगळी.

केसरबाईचा नवरा विहिरीत पडून गेला होता. दोराचा पीळ सुटला, आणि तो दोर तिनंच वळलेला. त्या दिवसापासून तिचे हात थांबले नाहीत. जेवताना एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात दोराचा अंबाडीचा वाख. झोपेतसुद्धा तिची बोटं पीळ घालत राहायची, असं म्हणतात.

गावात मातीच्या भिंतींचं ख्रिस्ती देऊळ होतं. रविवारी सगळे आत बसायचे, केसरबाई दाराशी उभी राहून गायची, आणि दोर वळायची. याकोब पंतोजी उपासना चालवायचे. ते म्हणायचे, "केसरबाई, आत या. घटकाभर बसा. प्रभू थकल्याभागल्यांनाच बोलावतो."

ती म्हणायची, "पंतोजी, हात सोडला की पीळ उलगडतोय. मग मानूस जातंय."

मग पंतोजी दार उघडं ठेवूनच उपासना सुरू करायचे.

एका दुष्काळात गावानं नवी विहीर खोदायला घेतली. चाळीस हात खोल गेल्यावर एका सकाळी पाणी फुटलं, आणि त्या धक्क्यानं वरची दरड कोसळली. गावातला एकुलता लांब दोर दरडीखाली गाडला गेला. पाच माणसं आतल्या कपारीवर अडकली. त्यांत केसरबाईचा मुलगा लूका होता. पाणी चढत होतं. दिवस मावळायच्या आत ते कपारीला लागणार होतं.

केसरबाईनं देवळापुढच्या अंगणात चाळीस हातांचा नवा दोर वळायला घेतला. बायका मदतीला धावल्या, तर ती ओरडली, "कुनी हात लावायचा न्हाई!" एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून एकटीच वळत राहिली. ऊन डोक्यावर आलं. तळवे फाटले, वाख लाल झाला. आणि दुपार कलताना, वीस हात वळायचे राहिले असताना, तिची बोटं उघडीच राहिली. मिटेचनात.

तेव्हा तिनं दातांनी ओढून दोराचं टोक देवळाच्या चौकटीला बांधलं. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा रिकाम्या हातांनी ती उंबरा ओलांडून आत गेली, जमिनीवर बसली आणि म्हणाली, "देवा, माजं हात गेलं. आता तूच धर." एवढं बोलली, आणि तिला झोप लागली. पोटचा पोर विहिरीत, आणि आई झोपली! पण ती झोप तिची नव्हती, तिला दिलेली होती, असं म्हणतात.

बाहेर पीळ उलगडला नाही. बायकांनी चौकटीपासून दोर हाती घेतला आणि वळू लागल्या. एवढा दोर वळताना दोन्ही टोकं कुणीतरी ताणून धरावी लागतात. या टोकाला बायका होत्या. त्या टोकाला कोणी नव्हतं, तरी दोर ताठ होता, आणि अंगणाच्या धुळीत मागं मागं जाणारी पावलं उमटत होती. बायकांनी ती पाहिली, आणि त्या आणखी भराभर वळू लागल्या.

केसरबाई जागी झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. त्या दोरानं वर काढलेली पाचही माणसं ओल्या अंगानं तिच्याभोवती बसली होती. लूकानं तिचे हात आपल्या हातांत घेतले. ते शांत होते.

पुढं ती पुष्कळ वर्षं जगली, तिनं पुष्कळ दोर वळले, पण रविवारी ती रिकाम्या हातांनी आत बसायची.

देवळाच्या घंटेला आजही तोच दोर आहे म्हणतात. आणि खडकवाडीत दर रविवारी माणसं आपलं अर्धवट काम घेऊन येतात. कुणी विणायची राहिलेली टोपली आणतं, कुणी शिवायचं राहिलेलं झबलं. सगळं त्या चौकटीशी ठेवतात, "आता तूच धर" म्हणतात आणि रिकाम्या हातांनी आत जाऊन बसतात. त्या वेळी बाहेर अंगणात कुणीही पाऊल टाकत नाही. तिथं कोणीतरी काम करत असतं.